बर्लिनमधला ज्यू सिनेमा: मंगळवार ते रविवार

मंगळवार, पॉट्सडाम

बर्लिन शहर आणि त्याला चहूबाजूंनी वेढून असलेलं ब्रांडेनबुर्ग राज्य यांचा मिळून एक ज्यू चित्रपट महोत्सव आहे. निकोला गालिनर यांनी तो १९९५ मध्ये सुरू केला आणि पुढे पाव शतक नेटानं चालवला. जर्मनीतला हा सर्वांत मोठा ज्यू चित्रपट महोत्सव. हल्ली तो मे-जूनच्या सुमारास भरतो. उद्घाटन बर्लिनला लागून असलेल्या पॉट्सडाममध्ये होतं आणि मग आठवडाभर दोन्हीकडच्या छोट्या-मोठ्या थिएटरांत खेळ चालतात.

बरोबर माझी आत्या होती. आत्या अलिबागची. इस्रायल आळीला लागून असलेल्या गल्लीत तिचं लहानपण गेलं. शाळेत तिच्या शेजारी बसणारी मैत्रीण बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी होती. साठच्या दशकात घरदार आवरून ती मंडळी इस्रायलला गेली. मी जर्मन शिकवते, त्यामुळे या महोत्सवाबद्दल पुष्कळ वाचून होते. आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, ज्यू म्हटलं की पडद्यावर छावण्या नाहीतर आगगाड्या. ती माणसं जेवायची काय, भांडायची कशावरून, लग्नं कशी जुळवायची, हे कुणी दाखवतं का? तसं असेल तर मी येते." सत्तरी उलटलेल्या बाईचा गुडघा दुखतो, पण ती आली. पुढचा आठवडाभर मी प्रत्येक चित्रपट तिच्या त्या प्रश्नासकट पाहिला.

उद्घाटन हान्स ओटो थिएटरमध्ये होतं. पाण्याच्या अगदी काठावर एकावर एक पसरलेली लाल छपरं, शिंपल्यांसारखी. गोटफ्रीड ब्योम यांनी बांधलेली ही इमारत २००६ मध्ये उघडली. हान्स ओटो हा नट होता, कम्युनिस्ट होता, आणि १९३३ च्या नोव्हेंबरात नाझींच्या मारहाणीत त्याचा जीव गेला. दाराशी पोलिस उभे होते, पिशव्या तपासत होते. बर्लिनमध्ये ज्यू शाळा, सिनेगॉग, वाचनालय, जिथे जाल तिथे हा पहारा असतोच. आत्यानं शांतपणे पर्स उघडून दाखवली आणि आत शिरताना माझ्या कानाशी म्हणाली, "अलिबागच्या सिनेगॉगला कधी पोलिस पाहिला नाही मी."

पहिलाच चित्रपट हिब्रू होता. आजी वारल्यावर तिच्या फ्लॅटमधलं सामान कुणी काय न्यायचं यावरून तीन भावंडांची जुंपते, एवढीच गोष्ट. धाकट्या बहिणीला आजीची पितळी परात हवी असते. थोरला म्हणतो, तू स्वयंपाक तरी करतेस का? या एका परातीवर दिग्दर्शकानं पंधरा मिनिटं घालवली होती आणि मला ती फार आवडली. तिघं परातीला हात लावून उभे असतात, कुणी सोडत नाही, आणि बोलणं मात्र भलत्याच गोष्टींवर जातं: कुणाच्या लग्नाला कोण आलं नव्हतं, हॉस्पिटलचं बिल कुणी भरलं. सभागृहात हशा पिकत होता. आत्या वाकून खालची इंग्रजी ओळ वाचायची आणि मग सगळ्यांच्या मागून हसायची.

बुधवार, बाबेल्सबर्ग

पॉट्सडामचाच भाग असलेल्या बाबेल्सबर्गमध्ये जगातल्या सर्वांत जुन्या मोठ्या स्टुडिओंपैकी एक आहे. इथे १९१२ मध्ये पहिलं चित्रीकरण झालं. पुढे हा ऊफा या जर्मन चित्रपट कंपनीचा गड बनला. 'मेट्रोपोलिस' इथला, 'द ब्लू एंजल'ही इथलाच. दोन्हींच्या मागे निर्माता म्हणून एरिश पोमर हा ज्यू माणूस उभा होता.

आपल्याला या आवारात पाय टाकताना आणखी एका कारणासाठी थांबायला हवं. हिमांशू राय यांनी ऊफाशी भागीदारीत 'प्रपंच पाश' केला, आणि देविका राणी सिनेमाचं काम शिकल्या त्या इथेच, पोमर यांच्या पथकात. मेकअप, वेशभूषा, कॅमेऱ्यासमोर कसं उभं राहायचं, सगळं. १९३४ मध्ये या दोघांनी मालाडला बॉम्बे टॉकीज उभी केली तेव्हा स्टुडिओ शिस्तीत कसा चालवायचा याचा नमुना त्यांनी इथे डोळ्यांनी पाहिलेला होता. मालाडच्या त्या स्टुडिओतून पुढे अशोक कुमार आले, दिलीप कुमार आले. आपल्या सिनेमाच्या घराण्यात पोमर यांचं नाव कुठे तरी नोंदवलं जायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

१९३३ च्या मार्चमध्ये काय झालं ते पॉट्सडामच्या चित्रपट संग्रहालयात नीट समजून घेता येतं. राजवाड्याच्या जुन्या घोड्यांच्या पागेत हे संग्रहालय आहे. २८ मार्चला नाझी प्रचारमंत्री गोबेल्सनं बर्लिनच्या कायझरहोफ हॉटेलात सिनेमावाल्यांपुढे भाषण केलं. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे २९ मार्चला, ऊफाच्या संचालक मंडळानं ज्यू कर्मचाऱ्यांचे करार मोडायचा ठराव केला. तोवर तसा कायदाही झालेला नव्हता. कंपनीनं आपणहून केलं. पोमर पॅरिसला गेले, तिथून अमेरिकेला. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये अमेरिकन सैन्यानं जर्मन चित्रपट व्यवसायाची घडी पुन्हा बसवायला कुणाला पाठवावं? पोमर यांनाच.

कुर्ट गेरॉन मात्र सुटला नाही. बर्लिनमध्ये जन्मलेला, अंगानं दांडगा, 'द ब्लू एंजल'मधला जादूगार. १९३३ मध्ये त्याला चालू चित्रीकरणातून घालवलं. तो हॉलंडपर्यंत पोचला, तिथे नाझी आले. टेरेझिनच्या छावणीत असताना १९४४ मध्ये त्याच्याकडून एक प्रचारपट करून घेतला गेला. छावणीत ज्यू लोक किती सुखात आहेत ते दाखवणारा. काम झाल्यावर त्याला आउशवित्झला पाठवून मारलं. दुसरा बर्लिनकर नट कुर्ट बोइस. हा वेळेवर निघाला, अमेरिकेत पोटापाण्यासाठी बारीकसारीक कामं करत राहिला. 'कासाब्लांका'मध्ये सावधान राहा सावधान राहा म्हणत खिसा कापणारा तो हाच. १९५० मध्ये तो बर्लिनला परत आला. १९८७ च्या 'विंग्ज ऑफ डिझायर'मध्ये पॉट्सडामर प्लाट्झच्या ओसाड माळावर जुना चौक शोधत फिरणारा म्हातारा त्यानं केलाय. चित्रपटात म्हातारा शोधतो, पण त्या नटानं तरुणपणी तो गजबजलेला चौक खरोखर पाहिलेला होता, हे माहीत असलं की तो प्रसंग पाहवत नाही.

संध्याकाळी बाबेल्सबर्ग स्टेशनलगतच्या थालिया थिएटरात लघुपट पाहिले. दोन बरे होते, बाकीचे विद्यार्थ्यांच्या हातचे. आत्याचा गुडघा सुजला होता, लवकर परतलो.

गुरुवार, बायरिशर प्लाट्झ आणि फिल्मकुन्स्ट ६६

सकाळी शोनेबर्ग भागात गेलो. १९३३ च्या आधी बर्लिनमध्ये सुमारे १,६०,००० ज्यू राहत होते, देशातल्या एकूण ज्यूंपैकी जवळपास एक तृतीयांश. बायरिशर प्लाट्झचा हा परिसर त्यांतल्या डॉक्टर, वकील, प्राध्यापकांचा. आइनस्टाइन इथेच राहायचे. आता शांत, झाडांची, मध्यमवर्गीय वस्ती आहे.

इथल्या दिव्यांच्या खांबांवर १९९३ पासून ८० पाट्या लावलेल्या आहेत. रेनाटा श्टिह आणि फ्रीडर श्नॉक या दोन कलावंतांचं हे काम. पाटीच्या एका बाजूला बालवाडीच्या पुस्तकात शोभेल असं साधं, रंगीत चित्र. दुसऱ्या बाजूला नाझी काळातला एखादा नियम आणि त्याची तारीख. मोठी रक्तपाताची भाषा कुठेच नाही. एका खांबावर मांजर आहे. मागे जाऊन वाचलं: ज्यूंना यापुढे पाळीव प्राणी ठेवता येणार नाहीत, १९४२. एका खांबावर पाव आहे. मागे: बर्लिनमध्ये ज्यूंनी खाद्यपदार्थ फक्त दुपारी ४ ते ५ या वेळेत विकत घ्यावेत, ४ जुलै १९४०.

या पावाच्या पाटीखाली आत्या बराच वेळ उभी राहिली. मी वाचून दाखवलं तसं ती म्हणाली, "चार ते पाच. तोवर दुकानात उरणार काय?" रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या बाईलाच हे पहिल्यांदा सुचतं. समोर बेकरी होती, एक तरुण बाबा मुलीला कडेवर घेऊन बाहेर पडत होता. हे लोक रोज या पाट्यांखालून जातात. इतकं रोजचं करून ठेवण्यात या कलावंतांचं खरं शहाणपण आहे, कारण ज्यांनी तेव्हा हे नियम वाचले तेही असेच रोज खालून जात होते.

आणखी एक नियम मी आधीपासून मनात घेऊन आले होते. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी, सिनेगॉगं जाळल्याला तीन दिवस झाले असताना, ज्यूंना चित्रपटगृहं, नाटकं आणि मैफली बंद करण्यात आल्या. तिकीट काढून अंधारात बसायचं नाही. ज्यांनी हे शहर सिनेमाची राजधानी केलं त्यांनी सिनेमा बघायचाही नाही. संध्याकाळी फिल्मकुन्स्ट ६६ मध्ये बसले तेव्हा मला या महोत्सवाचं मोल त्या तारखेवरून कळलं.

फिल्मकुन्स्ट ६६ हे शार्लोटेनबुर्गमधलं जुनं, लहानसं थिएटर. खेळ भरलेला होता. माहितीपट जर्मनीत राहणाऱ्या रशियन बोलणाऱ्या ज्यू कुटुंबांवर होता. १९९० पर्यंत दोन्ही जर्मनी मिळून तीस हजारही ज्यू उरले नव्हते. सोव्हिएत संघ कोसळल्यावर जर्मनीनं तिथल्या ज्यूंना येऊ दिलं आणि कुटुंबीयांसह दोन लाखांहून जास्त माणसं आली. आज इथला ज्यू समाज मुख्यतः त्यांचा आहे. त्यांच्या आजोबांनी लाल सैन्यात राहून हिटलरला हरवलेलं. ते स्वतःला बळी मानत नाहीत. नऊ मेला, म्हणजे विजयदिनी, छातीवर पदकं लावून बसणारे म्हातारे या चित्रपटात होते, आणि त्यांच्यापुढे ओशाळणारी, बर्लिनमध्ये वाढलेली नातवंडं.

त्यातली एक मुलगी पडद्यावर सांगत होती. रशियात तिला सगळे ज्यू म्हणून हिणवायचे, कारण वडील ज्यू. इथे आल्यावर ज्यू संघटनेनं सांगितलं की आई ज्यू नाही, म्हणून तू ज्यू नाहीस. मग मी कोण, एवढंच विचारून ती थांबली.

आत्यानं माझा हात धरला. बाहेर आल्यावर फुटपाथवरच्या बाकावर बसून तिनं सांगितलं ते मी आजवर तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. इस्रायलला गेलेल्या त्या मैत्रिणीची पत्रं यायची. एका पत्रात होतं, इथे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, आम्हाला विचारतात, तुमच्या पणज्यांची लग्नं कुणी लावली, तुम्ही अस्सल ज्यू आहात कशावरून. साठच्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलच्या प्रमुख रब्बींनी बेने इस्रायलींच्या इतर ज्यूंशी होणाऱ्या लग्नांवर असेच सवाल उभे केले होते. त्याविरुद्ध या कोकणच्या माणसांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, आणि १९६४ मध्ये सरकारला आणि रब्बींना माघार घ्यावी लागली. "नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटल्यापासून शनिवार पाळणारी माणसं," आत्या म्हणाली, "तेल गाळायचे म्हणून आम्ही शनिवार तेली म्हणायचो त्यांना. आमच्या गावात कुणाला शंका आली नाही, आणि तिथे जाऊन पुरावा द्यायचा?" तिच्या आवाजात साठ वर्षांपूर्वीचा राग जसाच्या तसा होता.

मला वाटतं या महोत्सवाची ताकद इथे आहे. ज्यू असणं म्हणजे काय, याचं उत्तर तो देत नाही. महोत्सव तो वाद घरातल्या माणसांच्या तोंडून ऐकवतो. बाहेरच्यांनी केलेला छळ एक, आणि आपल्यांनी दारात अडवणं दुसरं. दोन्ही दाखवायला धैर्य लागतं, आणि दुसरं दाखवायला जास्त.

शुक्रवार, वाइसेनझे

वाइसेनझेचं ज्यू कब्रस्तान १८८० पासून आहे. १,१५,००० हून जास्त कबरी. युरोपातल्या सर्वांत मोठ्या ज्यू कब्रस्तानांपैकी एक, आणि नवल म्हणजे नाझी काळातूनही ते वाचलं. इथल्या दफनांच्या नोंदवह्यासुद्धा शाबूत आहेत. आयव्हीनं झाकलेल्या शिळा, मधून वाढलेली मेपलची झाडं, एका बाजूला बँकवाल्यांच्या संगमरवरी कमानी आणि दुसऱ्या बाजूला पार आत चिंचोळ्या वाटांवर साध्या कबरी. ब्रिटा वावर या दिग्दर्शिकेनं या जागेवर २०११ मध्ये एक प्रसन्न माहितीपट केलाय. कब्रस्तानावरचा चित्रपट प्रसन्न कसा असेल असं वाटतं, पण त्यात इथले माळी आहेत, इथे प्रेमात पडलेली जोडपी आहेत, पक्षी मोजणारे आहेत. इथं येण्यापूर्वी तो मिळवून पाहावा.

अलिबागच्या कबरींवर हिब्रूच्या खाली मराठी असते, आत्याला ते पाठ आहे. इथे हिब्रूच्या खाली जर्मन. कबरींवर फुलं नव्हती, खडे ठेवलेले होते. आत्यानंही एक उचलून ठेवला, नाव न वाचता.

संध्याकाळच्या खेळानंतर चर्चा पेटली. दिग्दर्शक तेल अवीवचा होता. एका तरुणानं उठून विचारलं, गाझात इतकी माणसं मरत असताना तुम्ही कौटुंबिक गोष्टी कशा सांगता? मागून कुणी तरी ओरडलं, हमासनं हल्ला केला तो सात ऑक्टोबर विसरलात का? सूत्रसंचालक बाईंनी दोघांनाही बोलू दिलं. दिग्दर्शक म्हणाला, मी माझ्या सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरतो आणि माझा शाळासोबती त्या सात तारखेला मारला गेला, या दोन्ही गोष्टी माझ्याच आहेत, एक निवडा असं मला सांगू नका. टाळ्या पडल्या, काही जण उठून गेले. वातावरण तापलेलंच राहिलं. पण बोलणं बंद पडलं नाही, आणि आजच्या दिवसांत एवढंही अनेक ठिकाणी होत नाही.

शनिवार, ओरानियनबुर्गर श्ट्रासे ते बाबिलोन

दुपारी नव्या सिनेगॉगसमोर. 'नवं' म्हणतात, पण ते १८६६ चं. सोनेरी जाळीचा घुमट लांबून दिसतो, पाहणाऱ्याला एखाद्या मूरिश महालासमोर आल्यासारखं वाटतं. तीन हजारांवर माणसं बसायची. १९३० मध्ये आइनस्टाइन यांनी इथे व्हायोलिन वाजवलं होतं. १९३८ च्या नोव्हेंबरातल्या त्या रात्री नाझी टोळीनं आत आग लावली तेव्हा जवळच्या पोलिस ठाण्याचा एक अधिकारी धावून आला. इमारत संरक्षित वारसा आहे, असं बजावून त्यानं टोळीला हाकललं आणि आगीचा बंब बोलावला. एका सरकारी माणसानं एका सरकारी नियमाच्या आधारे वाचवलेली ही वास्तू. पुढे १९४३ च्या बॉम्बवर्षावात ती उद्ध्वस्त झाली आणि मुख्य सभागृह १९५८ मध्ये पाडलं गेलं. दर्शनी भाग दुरुस्त करून १९९५ मध्ये उघडला. मागच्या मोकळ्या जागेत सभागृह कुठवर होतं त्याच्या खुणा जमिनीवर आखलेल्या आहेत.

तिथून चालत रोझा लुक्झेम्बुर्ग प्लाट्झला गेलं की बाबिलोन थिएटर. हान्स पोएल्झिग या वास्तुरचनाकारानं बांधलेलं, १९२९ मध्ये उघडलेलं. मूकपटांना साथ करायचा ऑर्गन इथे त्या वर्षीपासून त्याच जागेवर आहे. शनिवारी मध्यरात्री ऑर्गनच्या साथीनं मूकपट दाखवण्याचा इथला परिपाठ महोत्सवाशी जोडलेला नाही, पण आम्ही गेलो, कारण त्या रात्री पाउल वेगनरचा १९२० चा 'गोलेम' होता. प्रागच्या ज्यू वस्तीवर संकट येतं, तेव्हा रब्बी लोव मातीचा माणूस घडवतो आणि त्यात प्राण फुंकतो, ती दंतकथा. त्याची वाकडीतिकडी घरं, शंखासारखे जिने, सगळं नेपथ्य याच पोएल्झिगचं. त्यानं बांधलेल्या थिएटरात त्यानंच रचलेलं ज्यू नगर बघणं हा योग बर्लिनमध्येच जमतो.

चित्रपट देखणा आहे. छायाचित्रण कार्ल फ्रॉयंडचं, तोही ज्यू, पुढे हॉलिवूडला गेला. पण वेगनर ज्यू नव्हता, आणि त्याच्या पडद्यावरचे ज्यू जादूटोणा करणारे, कुबडे काढून कुजबुजणारे आहेत. बाहेरून, कुतूहलानं आणि थोड्या भीतीनं पाहिलेले. मंगळवारच्या त्या परातीच्या भांडणात आणि यात हा फरक आहे, आणि एकाच आठवड्यात दोन्ही पाहिल्यामुळे तो लख्ख दिसला. रात्री दोनला ऑर्गनवादक उठून वाकली तेव्हा तरुणांनी भरलेलं थिएटर उभं राहिलं. आत्या जागी होती, शेवटपर्यंत.

रविवार, वानझे

ऊन होतं, अर्धं बर्लिन तळ्याकडे निघालेलं. 'पीपल ऑन संडे' हा चित्रपट १९२९ च्या उन्हाळ्यात याच वानझे आणि निकोलाझेच्या काठावर चित्रित झाला. टॅक्सीवाला, रेकॉर्डच्या दुकानातली मुलगी, दारू विकणारा एजंट, असे खरोखरचे लोक घेऊन. ती मंडळी रविवारी तळ्यावर जातात, डबा खातात, रुसतात, सोमवारी कामावर जातात. करणारे कोण? रॉबर्ट सिओडमाक, एडगर उल्मर, बिली वाइल्डर, फ्रेड झिनेमान. सगळे विशीतले. पुढच्या दहाएक वर्षांत सगळे अमेरिकेत. वाइल्डर यांची आई, आजी आणि सावत्र वडील मारले गेले.

त्याच तळ्याच्या समोरच्या काठावर तो बंगला आहे जिथे २० जानेवारी १९४२ ला १५ वरिष्ठ अधिकारी जमले आणि युरोपातल्या ज्यूंच्या संहाराच्या अंमलबजावणीवर सुमारे दीड तास बोलले. आता तिथे स्मारक आहे. बागेत उभं राहिलं की पाण्यापलीकडे पोहायचा किनारा दिसतो. आत्या बंगल्यात शिरली नाही. "ते मला ठाऊक आहे," म्हणाली. ती बाहेर बसून राहिली, मी कागदपत्रं वाचून आले. तिचं बरोबर होतं. ती दुसऱ्या कशासाठी इतक्या लांब आली होती.

संध्याकाळी शेवटचे खेळ आणि निरोपाचं चहापान. तिथे महोत्सवाशी बरीच वर्षं जोडलेल्या एका बाईंची गाठ पडली. भारतातून आलोय म्हटल्यावर त्यांनी डॅनी बेन-मोशे यांचा 'शालोम बॉलिवूड' पाहिल्याचं सांगितलं. मग आत्याला कुणी थांबवणार नव्हतं. मी जर्मनमध्ये सांगत होते आणि ती मराठीत दुरुस्त्या करत होती. आपल्याकडे हिंदू-मुसलमान घरांतल्या बायका कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हत्या तेव्हा ज्यू मुली आल्या. पुण्यात जन्मलेल्या रूबी मायर्स, म्हणजे सुलोचना, पुढे फाळके पुरस्काराच्या मानकरी. प्रमिला, १९४७ च्या पहिल्या मिस इंडिया. बगदादहून आलेल्या नादिरा. आणि डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, 'बूट पॉलिश'मधले जॉन चाचा. ते बेने इस्रायली, आमच्या शेजारच्या चौलवरून आडनाव घेतलेले, हे आत्यानं मला तीनदा सांगायला लावलं.

उलट दिशेनंही सांगण्यासारखं होतं. प्रागमध्ये जन्मलेले विली हास बर्लिनमध्ये नावाजलेले समीक्षक आणि पटकथाकार. नाझींपासून पळून १९३९ मध्ये ते मुंबईला आले आणि मोहन भवनानींसाठी पटकथा लिहू लागले. संगीतकार वॉल्टर कॉफमन त्यांच्या आधी आलेले. आकाशवाणीची पहाटेची ती धून त्यांच्याच नावावर सांगितली जाते. ती मी गुणगुणून दाखवली. बाईंना हास ठाऊक होते, मुंबईतले हास ठाऊक नव्हते.

त्यांनी वही काढली. नावं लिहून घेतली, जन्मगावांसह. मग विचारलं, 'बूट पॉलिश'ची पडद्यावर दाखवण्याजोगी प्रत कुठे मिळेल? मी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं नाव लिहून दिलं. आत्या म्हणाली, "त्यांना सांग, डेव्हिडचा दाखवणार असाल तर आधी कळवा, मी पुन्हा येते."